फेस शील्ड घेताय? ग्राइंडर, वेल्डिंग, फवारणी, गवत कापणी... कोणत्या कामाला कोणतं चालतं, ते आधी वाचा

तालुक्याच्या गावी फॅब्रिकेशनच्या दुकानासमोरून गेलं की एक चित्र हमखास दिसतं. रस्त्याच्या कडेला चॅनेल आडवं टाकलेलं, त्यावर एक पाय ठेवून पोरगं उकिडवं बसलेलं, हातात ग्राइंडर आणि ठिणग्यांचा फवारा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायापर्यंत. तोंडाला रुमाल बांधलेला असतो. डोळ्यांवर काहीच नसतं. फार तर डोळे बारीक केलेले आणि मान जरा बाजूला वळवलेली. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "पाच मिनिटांचं तर काम आहे."

आता ग्राइंडर फक्त दुकानात राहिलेला नाही. गोठ्याचं शेड, ट्रॉलीचं फाळकं, बोअरचा पाइप, ठिबकच्या फिल्टरचा स्टँड, अशा कामांसाठी शेतकऱ्याच्या घरात छोटं ग्राइंडर मशीन आलं. ग्रासकटर आला, पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप आला, काहींनी छोटी वेल्डिंग मशीनही घेतली. मशीन आलं, पण तोंडासमोर धरायचं साधन काही त्याच्याबरोबर आलं नाही. मग कुणीतरी सांगतं की फेस शील्ड घे. हार्डवेअरच्या दुकानात गेलं की दुकानदार एक पारदर्शक शील्ड काढून देतो आणि म्हणतो, "घ्या, सगळ्याला चालतंय."

सगळ्याला चालणारं शील्ड नसतं. ग्राइंडरचं वेगळं, वेल्डिंगचं वेगळं, औषधाचं वेगळं. चुकीचं शील्ड घातलं की माणूस उलट बिनधास्त होतो, मशीनच्या जास्त जवळ तोंड नेतो.

कोरोनातलं शील्ड असेल तर ते ग्राइंडरपासून लांब ठेवा

२०२० साली घरोघरी फेस शील्ड आली. कपाळावर स्पंजाची पट्टी, मागे इलॅस्टिक आणि समोर पारदर्शक कागदासारखं प्लास्टिक. अनेकांकडे ती अजून खुंटीला लटकलेली आहेत आणि काही दुकानांत तीच ग्राइंडरसाठी म्हणून खपवली जातात. ती शील्ड समोरच्याच्या खोकल्या-शिंकेचे थेंब अडवायला होती. त्यातलं प्लास्टिक बहुतेक वेळा पाण्याच्या बाटलीच्या जातीचं आणि पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचं असतं. बोटाने दाबलं तरी वाकतं. त्यावर डिस्कचा तुकडा आला तर ते तुकडा अडवणार नाही, स्वतःच फाटेल.

ओळखायची साधी खूण म्हणजे पत्रा हातात धरून वाकवायचा. कागदासारखा गुंडाळला जात असेल तर तो कामाचा नाही. ग्राइंडरच्या कामाला पॉलिकार्बोनेटचा, किमान एक मिलिमीटर आणि शक्यतो दीड-दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा बघावा. तो हाताला कडक लागतो आणि जाणवण्याइतका जड असतो.

शील्डच्या आत चष्मा हवाच

हा मुद्दा बहुतेकांना माहीत नसतो, आणि दुकानदार सांगत नाहीत. फेस शील्ड हे चेहऱ्याचं साधन आहे. डोळ्यांचं मुख्य साधन म्हणजे सेफ्टी चष्मा किंवा गॉगल. शील्ड त्याच्यावरून घालायचं असतं, त्याच्याऐवजी नाही.

कारण बघा. शील्ड खालून उघडं असतं, बाजूने उघडं असतं. वाकून काम करताना, किंवा ठिणगी छातीवर आपटून वर उडाली की बारीक कण हनुवटीच्या खालून आत शिरतो. दुसरं म्हणजे काम झालं की आपण शील्ड वर करतो. केसांवर, भुवयांवर, शील्डच्या कडेवर बसलेली लोखंडाची भुकटी त्याच क्षणी खाली झडते. शील्ड वर करून वाकून माप बघायचं आणि फुंकर मारायची, ही सवय तर सगळ्यांनाच आहे. तेव्हा डोळ्यावर चष्मा असला तर काही बिघडत नाही. नसला तर कण थेट डोळ्यात.

नंबरचा चष्मा आहे म्हणून वेगळा लागत नाही, असंही समजू नका. साध्या नंबरच्या चष्म्याची काच मार सोसायला बनवलेली नसते आणि त्याच्या बाजू उघड्या असतात. नंबरच्या चष्म्यावरून घालता येणारे मोठे सेफ्टी गॉगल मिळतात. ते घ्या आणि त्यावर शील्ड.

ग्राइंडर: इथे घाई नको

चार इंची डिस्कचं साधं ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे मारतं. हिशेब केला तर डिस्कची कड सेकंदाला ५७ मीटरच्या वेगाने पळत असते, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या पुढे. एसटी जोरात असते तेव्हाच्या अडीच पट. डिस्क फुटली तर तिचा तुकडा साधारण याच वेगाने सुटतो, आणि तो कुठे जाईल हे कुणी सांगू शकत नाही.

आता शील्डवरच्या खुणा बघू. चांगल्या शील्डवर, म्हणजे पत्र्याच्या कडेला आणि डोक्याच्या पट्टीवर, इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. ती शोभेची नाहीत. युरोपच्या ईएन १६६ या मानकात मार सोसण्याच्या ताकदीला अक्षरं दिलेली आहेत. चाचणीत सहा मिलिमीटरची, एक ग्रॅमपेक्षाही हलकी पोलादी गोळी शील्डवर मारतात. सेकंदाला ४५ मीटर वेगाची गोळी सोसली तर 'एफ', १२० मीटरची सोसली तर 'बी' आणि १९० मीटरची सोसली तर 'ए'. या मानकाप्रमाणे साध्या सेफ्टी चष्म्याला 'एफ'च्या वर जाताच येत नाही, चारी बाजूंनी बंद गॉगल 'बी'पर्यंत जातो, आणि 'ए' फक्त फेस शील्डला मिळतो. ग्राइंडरसाठी चष्म्यावरून शील्ड का घालायचं, याचं उत्तर यातच आहे. डिस्कच्या कडेचा वेग ५७ आणि चष्म्याची ताकद ४५ ची. म्हणून ग्राइंडरला 'बी' किंवा 'ए' खुणेचं शील्ड घ्यावं.

एक बारीक गोष्ट. पत्र्यावर 'बी' आणि डोक्याच्या पट्टीवर 'एफ' असं असेल तर संपूर्ण शील्ड 'एफ'च समजायचं. दोन्हींतली कमी ताकद धरतात. पत्रा बदलताना दुसऱ्याच कंपनीचा बसवला की हा घोळ होतो.

काही शील्डवर अमेरिकेच्या मानकाची 'झेड ८७' अशी खूण असते. त्यापुढे अधिकचं चिन्ह असेल, म्हणजे 'झेड ८७ प्लस', तर ते जोराच्या माऱ्यासाठी तपासलेलं आहे. नुसतं 'झेड ८७' ग्राइंडरला घेऊ नका. आपल्याकडचं भारतीय मानक आहे आयएस ८५२१. त्याच्या पहिल्या भागात प्लास्टिकच्या पत्र्याची शील्ड येतात, दुसऱ्या भागात लोखंडी जाळीची. आयएसआयचं चिन्ह असेल तर वर आयएस क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक मोबाईलवर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की परवाना कोणत्या कंपनीचा, कोणत्या मालाचा आणि चालू आहे की नाही, हे दुकानात उभ्या उभ्या कळतं. आयएसआयचं शील्ड प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात मिळेलच असं नाही. पण ज्यावर एकही खूण नाही, कंपनीचं नावसुद्धा नाही, ते ग्राइंडरसाठी घेण्यात अर्थ नाही.

हे सगळं असूनही शील्डवर सगळा भार टाकू नका. चाचणीतली गोळी ग्रॅमभराचीही नसते, आणि फुटलेल्या डिस्कचा तुकडा त्यापेक्षा कितीतरी जड असू शकतो. असा तुकडा आला तर चांगलं शील्डही हमी देत नाही. तिथे वाचवतो तो ग्राइंडरचा लोखंडी गार्ड, जो आपल्याकडे मशीन घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी काढून टाकतात. "कोपऱ्यात जात नाही", "मोठी डिस्क बसत नाही" ही त्याची कारणं. मोठी डिस्क बसत नाही म्हणूनच तो गार्ड तिथे आहे. जास्त फेऱ्यांच्या छोट्या मशीनवर मोठी डिस्क लावली की कडेचा वेग डिस्कला झेपणाऱ्या मर्यादेच्या बाहेर जातो. डिस्कवर जास्तीत जास्त फेरे छापलेले असतात. ते मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी असतील तर ती डिस्क लावायचीच नाही. लाकूड कापायचं दात्यांचं पातं ग्राइंडरला लावणं हा तर उघड धोका आहे. ते पातं अडकलं की मशीन हातातून उसळतं आणि सरळ तोंडाकडे येतं.

डिस्कच्या मधल्या धातूच्या रिंगवर महिना आणि वर्षही असतं. ती डिस्कची मुदत. मुदत संपलेली, ओल धरलेली किंवा खाली आपटलेली डिस्क वापरू नका. धार लावायच्या बेंच ग्राइंडरचा दगड नवीन बसवताना, आपण मडकं घेताना जसं वाजवून बघतो तसाच तो बोटात अडकवून लाकडाच्या मुठीने हलकेच वाजवायचा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत तडा आहे. आणि दगड व हत्यार टेकवायची पट्टी यांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवू नका, कोयता त्यात ओढला जातो.

वेल्डिंगला पारदर्शक शील्ड चालत नाही

एक गैरसमज ऐकायला मिळतो की पॉलिकार्बोनेट अतिनील किरण अडवतं, म्हणून वेल्डिंगलाही तेच चालेल. पहिला भाग बराचसा खरा आहे. पण वेल्डिंगच्या झोतात डोळे दिपवणारा उजेड आणि उष्णतेचे किरणही असतात, ते पारदर्शक पत्र्यातून आरपार जातात. तिथे नंबरची काळी काचच लागते.

काचेवर नंबर कोरलेला असतो. नेहमीच्या रॉडच्या वेल्डिंगला, म्हणजे अडीच आणि सव्वातीन मिलिमीटरच्या रॉडला, १० किंवा ११ नंबरची काच लागते. रॉडलाही दुकानात 'बारा नंबर', 'दहा नंबर' म्हणतात, त्याचा आणि काचेच्या नंबरचा काही संबंध नाही. रॉड दहा नंबरचा म्हणून काच दहाची, असं जुळवू नका. काचेचा नंबर करंटवर ठरतो. अँपिअर वाढवले की काच गडद हवी. गॅस कटिंगला मात्र इतकी गडद काच नको. तिथे ४ किंवा ५ नंबर पुरतो, कारण कापायची रेघ दिसायला हवी. बाजारातला काळा फॅशनचा गॉगल यातल्या कुठल्याच कामाला चालत नाही. तो नुसता उजेड कमी करतो, त्यामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि उरलेले किरण जास्त आत शिरतात.

काळ्या काचेच्या पुढे एक साधी पांढरी काच असते, तिच्यावर ठिणग्या बसतात. ती स्वस्त असते, वेळेवर बदला. काळ्या काचेला तडा असेल तर चिकटपट्टी लावून भागवू नका. फटीतून येणारा झोत पूर्ण ताकदीचा असतो.

हातात धरायचा स्क्रीन आणि डोक्यावर घालायचं हेल्मेट यांत आम्ही हेल्मेटच्या बाजूचे आहोत. हातात स्क्रीन असला की जोडाची जागा दुसऱ्या हाताने धरता येत नाही. मग कारागीर पहिला टाका डोळे मिटून मारतो, आणि दिवसातून पन्नास वेळा मिटलेल्या पापण्यांच्या भरवशावर राहतो. आपोआप काळं होणारं हेल्मेट थोडं महाग पडतं, पण हा त्रास संपतो. ते घेताना नंबर बदलायची चकती आहे का आणि बॅटरी बदलता येते का, ते बघा.

वेल्डिंग झाल्यावरची खपली हातोडीने झाडताना काळी काच वर केलेली असते, आणि गरम खपली काचेच्या तुकड्यासारखी उडते. त्यासाठी आत पारदर्शक सेफ्टी चष्मा घातलेलाच असावा.

ज्याचा विचार कुणी करत नाही, तो म्हणजे पाइप धरणारा मदतनीस. वेल्डरच्या तोंडावर काच असते आणि पाइप धरणारा मान वळवून उभा असतो. रात्री जेवून झोपल्यावर, कामानंतर सहा ते बारा तासांनी त्याचे डोळे पेटतात. वाळू भरल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. घराघरांत यावर बटाट्याच्या चकत्या ठेवतात, बाळंतिणीचं दूध घालतात. डोळ्यात यातलं काहीही घालू नका, जंतुसंसर्ग होतो. अंधारात राहा, स्वच्छ ओल्या कापडाची थंड घडी मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. बहुतेकांना दिवस-दोन दिवसांत आराम पडतो. दिवसभरात उतार पडला नाही किंवा अंधुक दिसायला लागलं तर डॉक्टर गाठा. डोळा बधिर करणारा ड्रॉप मागून आणून पुन्हा पुन्हा घालणं तर फारच वाईट. दुखणं जातं आणि बुबुळावरची जखम भरत नाही.

औषध आणि ॲसिड

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्यानंतर फवारणीच्या किटची चर्चा झाली. त्या किटमधल्या शील्डकडून काय अपेक्षा करायची, हे समजून घेऊ.

सगळ्यात जास्त धोका फवारताना नाही, तर बाटली उघडून औषध मोजताना आणि बादलीत ढवळताना असतो. तेव्हा औषध पूर्ण तीव्र असतं. एक थेंब उडाला तरी डोळा जातो. इथे शील्ड, खाली बंद गॉगल आणि हातमोजे, तिन्ही हवेत. फवारताना मात्र शील्डचा उपयोग अंगावर येणाऱ्या मोठ्या थेंबांपुरता. बारीक तुषार आणि वास खालून आत येतोच. शील्ड म्हणजे मास्क नव्हे. श्वासासाठी औषधाच्या माहितीपत्रकात सांगितलेला मास्क वेगळा घालावा लागतो. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारलं तर कुठलंच शील्ड पुरत नाही.

या कामाला मार सोसणाऱ्या पत्र्याची गरज नाही, रसायन सोसणाऱ्या पत्र्याची आहे. पॉलिकार्बोनेट मजबूत असलं तरी पेट्रोल, थिनर, ॲसिटोन अशा द्रावकांनी ते पांढरं पडतं, बारीक तडे जातात. काही औषधांतही असे द्रावक असतात. रसायनाच्या उडण्याला ॲसिटेटचा पत्रा चांगला टिकतो, पण तो ग्राइंडरला नको. ईएन १६६ मध्ये द्रवाच्या उडण्याची खूण '३' हा आकडा आहे. फवारणीचं आणि ग्राइंडरचं शील्ड वेगवेगळं ठेवण्याचं आणखी एक कारण म्हणजे औषध लागलेलं शील्ड दुसऱ्या दिवशी घामेजल्या कपाळावर चढवायचं नसतं.

ट्रॅक्टरच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीचं तेच. पाणी टाकताना, चार्जिंगला लावताना बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने पेट घेतो आणि बॅटरी फुटली तर ॲसिड तोंडावर येतं. बॅटरीवर वाकून काम करताना गॉगल आणि शील्ड घाला, आणि पाण्याने भरलेली कळशी जवळ ठेवा. घराला चुना देणाऱ्यांनीही हे वाचावं. डोळ्यात गेलेला चुना ॲसिडपेक्षाही खोल जाळत जातो.

ग्रासकटर, मळणी, कुट्टी

कोकणात आंबा-काजूच्या बागेत आणि घाटावर बांधावर ग्रासकटर चालवणाऱ्यांसाठी जाळीचं शील्ड मिळतं. ते यासाठी खरोखर चांगलं. पावसाळ्यात त्यावर वाफ धरत नाही, घाम येत नाही, काडी आणि खडा तोंडावर बसत नाही. पण जाळीतून धूळ आणि बारीक कुसळ आत येतं, म्हणून चष्मा पुन्हा हवाच. हेच जाळीचं शील्ड ग्राइंडरला किंवा औषधाला वापरू नका, गरम कण आणि थेंब दोन्ही त्यातून आरपार जातात.

मळणी यंत्रावर आणि कुट्टी मशीनवर शील्डपेक्षा सगळीकडून बंद गॉगल बरा. धूळ आणि भुसा शील्डच्या आत फिरत राहतो. एक गोष्ट मात्र ठाम सांगायची आहे. उसाचं पान, भाताचं कुसळ, तुरीची काडी डोळ्याला लागली तर ती ग्राइंडरच्या कणापेक्षा साधी समजू नका. झाडपाल्याच्या जखमेतून बुबुळात बुरशीचा संसर्ग होतो. शेतकऱ्यांच्या डोळ्यात फूल पडण्यामागचं हे एक मोठं कारण आहे. त्यावर मेडिकलमधून न विचारता आणलेला स्टिरॉईडचा ड्रॉप घातला तर लाली उतरते, बरं वाटतं आणि बुरशी आत जोमाने वाढते.

दुकानात उभं राहून काय बघायचं

घालून बघितल्याशिवाय घेऊ नका. शील्डची खालची कड हनुवटीच्या खाली गेली पाहिजे आणि बाजू कानापर्यंत. मान खाली घालून, मग वर करून बघा. घसरत असेल तर कामात ते तुम्ही दहा वेळा हाताने सावरणार आणि शेवटी काढून ठेवणार. नुसत्या इलॅस्टिकपेक्षा मागे फिरवायची चकती असलेली पट्टी घट्ट बसते. डोक्यावरून जाणारी दुसरी पट्टी असेल तर वजन कपाळावर येत नाही. आत चष्मा घालूनच माप घ्या. वर केलेलं शील्ड वरच राहतं का, की आपोआप धाडकन खाली येतं, तेही बघा.

पत्रा वेगळा मिळतो का, हे आधीच विचारून ठेवा. पत्रा काही महिन्यांत खराब होतो, पट्टी वर्षानुवर्षं टिकते. नुसता पत्रा मिळत असेल तर पुढचा खर्च निम्मा होतो. ग्राइंडर मशीनला जे पैसे मोजलेत त्यापुढे ही रक्कम किरकोळ आहे. आणि दुकानात पोरं कामाला असतील तर हे साधन मालकाने द्यायचं असतं, पोराच्या पगारातून कापून नाही. कारखाने कायदा, १९४८ मध्ये डोळ्यांच्या संरक्षणासाठी ३५ वं कलम स्वतंत्र घातलेलं होतं, इतका हा विषय जुना. गावातली दोन-तीन माणसांची दुकानं मात्र तेव्हाही त्या कायद्याच्या बाहेरच राहिली.

शील्ड पुसायची पद्धतही महत्त्वाची. कोरड्या फडक्याने किंवा शर्टाच्या टोकाने पुसलं की लोखंडाची भुकटी पत्र्यावर घासली जाते आणि आठवड्यात समोरचं दिसेनासं होतं. आधी पाण्याने धुवा, मग साबणाच्या पाण्याने मऊ कापड लावा. रंगाचे डाग काढायला थिनर लावू नका, वर सांगितलंच आहे. उन्हात, ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवू नका. पिवळं पडलं, तडा गेला, ओरखड्यांनी धूसर झालं किंवा एकदा जोराचा फटका बसला, की पत्रा बदला. फटक्यानंतर वरून काही दिसत नसलं तरी बदला.

तरीही डोळ्यात काही गेलं तर

डोळा चोळू नका. धूळ असेल तर स्वच्छ पाण्याने धुवा. औषध, ॲसिड किंवा चुना गेला असेल तर जागेवरच, एक मिनिटही न दवडता वाहत्या पाण्याने किमान १५ ते २० मिनिटं धुवा. पापणी बोटांनी उघडी धरा. धुऊन झाल्याशिवाय गाडीवर बसू नका. ॲसिडवर सोडा, चुन्यावर लिंबू असले प्रयोग नकोत. औषधाची बाटली किंवा लेबल दवाखान्यात बरोबर न्या.

लोखंडाचा कण बुबुळात रुतला असेल तर रुमालाच्या टोकाने, काडीने, सुईने काढायला जाऊ नका. गावात असे काढणारे 'तज्ज्ञ' असतात, त्यांच्याकडेही नको. काही तासांतच कणाभोवती गंजाचं कडं धरतं, ते डोळ्यांच्या डॉक्टरलाच काढावं लागतं. जोरात काहीतरी लागलं आणि बाहेर काही दिसत नाही, पण नजर अंधुक झाली, बाहुलीचा आकार बदलला किंवा डोळ्यातून पाण्यासारखं वाहतंय, तर तुकडा आत गेलेला असू शकतो. तेव्हा पाणी मारू नका, ड्रॉप घालू नका, दाबून पट्टी बांधू नका. कागदी कपाचा बूड वरून झाकणासारखा लावा, म्हणजे डोळ्यावर दाब येणार नाही, आणि उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करा. तिथे पोहोचल्यावर पहिल्यांदा सांगायचं ते हे की ग्राइंडरवर काम करत होतो, लोखंड असू शकतं. लोखंडाचा तुकडा आत असताना एमआरआय करणं धोक्याचं असतं, म्हणून डॉक्टरांना ते आधी कळलं पाहिजे.